धारेला पोट हवे

आयुष्यात मी पुष्कळ वस्तू टाकून दिल्या. जुनी वर्तमानपत्रे, बंद पडलेली घड्याळे, विद्यार्थी परत न्यायला विसरलेले निबंध. त्यांतल्या एकीचीही मला पुन्हा आठवण झाली नाही. पण तीन वर्षांपूर्वी एक दगड टाकून दिला, आणि तो मात्र अजून माझ्या उरावर बसून आहे.

आमच्या बागलाणात घटस्थापनेच्या आधी 'दसरा काढतात'. शहरातल्या वाचकांना हा शब्दप्रयोग कदाचित नवा वाटेल. दसरा काढायचा म्हणजे घरातले अंथरूण-पांघरूण, फळीवरचे डबे, माळ्यावरचे पेटारे, सारे काही उन्हात आणून धुऊनपुसून पुन्हा जागच्या जागी लावायचे. पूर्वी सटाण्याच्या बायका गोधड्यांची गाठोडी घेऊन आरम नदीवर जात. आता घरच्या नळाखाली भागते, इतकाच फरक. या धामधुमीत घरातल्या पुरुषाला एखादे असे काम नेमून देतात, की जे त्याने बिघडवले तरी फारसे बिघडू नये. सौ.ने त्या वर्षी माझ्याकडे मागचे अंगण सोपवले होते.

मागच्या अंगणात नळापाशी तो दगड पडलेला असे. वीतभर लांब, काळपट तांबूस, आणि मधोमध चांगला खोल खळगा पडलेला. पाऊस झाला की त्यात ओंजळभर पाणी साठे आणि चिमण्या त्यावर येऊन बसत. माझ्या आजोबांनी तो देवमामलेदारांच्या यात्रेत विकत घेतला होता. १८७०-७१ च्या दुष्काळात ज्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी मोकळा केला असे लोक सांगतात, त्या यशवंतराव महाराजांची यात्रा आमच्या गावी मार्गशीर्षात भरते. आजोबांनी घेतला तेव्हा तो दगड पाटीसारखा सपाट असणार. पुढे आजोबांची आणि मग माझ्या वडिलांची हत्यारे त्याच्यावर घासली गेली आणि त्याचे हे असे झाले.

मी वस्तूंच्या बाबतीत शिस्तीचा माणूस आहे. हार्डवेअरच्या दुकानातून मी एक नवा दगड आणला होता. दोन्ही बाजूंनी सपाट, एक बाजू भरड, दुसरी मऊ, कोपरे काटकोनात. आता त्या जुन्या बुट्टीचे काय काम? सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी तो उचलून गाडीत ठेवला. गाडीवरचा माणूस म्हणाला, "सर, दगड टाकता?"

मी म्हणालो, "झिजलाय तो."

नाना, म्हणजे माझे वडील, त्याआधी वर्षभरापूर्वी गावाकडचे घर सोडून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी जन्मभर शेती केली. बाजरी केली, कांदा केला, डाळिंबाची बाग उभी केली. तेल्या रोगाने बाग गेली तेव्हा ती स्वतःच्या हाताने तोडून तिथे पुन्हा कांदा लावला. मग हातांना कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. चहाची बशी ओठापर्यंत नेताना निम्मा चहा अंगावर सांडे, सदऱ्याची गुंडी लावायला नातीला बोलवावे लागे. ज्या माणसाने बैलाच्या वेसणीपासून मोटारीच्या फ्यूजपर्यंत सगळे आपल्या हाताने केले, त्याला आता आपल्याच हाताची लाज वाटू लागली होती.

पण एक काम त्यांच्याकडे उरले होते. ते धार लावत. गल्लीतल्या बायका विळ्या, सुऱ्या, कात्र्या घेऊन येत आणि "नाना, एवढी बघा ना" म्हणून ओट्यावर ठेवून जात. नानांना गल्लीतल्या कुटुंबांची नावे पाठ नव्हती. 'तुटक्या पाटाची विळी', 'पितळी फुलाची विळी', 'डावखुरी सुरी' अशी ते घरे ओळखत. पैसे अर्थातच घेत नसत. पण ज्या दिवशी विळी परत जाई त्या दिवशी संध्याकाळी त्या घरून वाटीभर काहीतरी येई. आणि गंमत अशी, की चहाची बशी न सावरणारे ते हात दगडावर आले की स्थिर होत. मी हे पाहिले होते. पाहून नवलही केले होते. पण नवल करणे वेगळे आणि त्याचे कारण शोधणे वेगळे. आम्हा साहित्याच्या मास्तरांना पहिल्याचीच सवय फार.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नानांनी कोयता मागितला. नवमीला आम्ही हत्यारे पुजतो. खुरपे, विळा, कोयता, आणि माझ्या नोकरीपासून त्यांच्या शेजारी माझे फाउंटन पेन. कोयता मी दिला. मग त्यांनी विचारले, "दगड कुठे आहे?"

मी मोठ्या ऐटीत नवा दगड त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "सरळ आहे."

तो दोष आहे हे मला त्यांच्या स्वरावरून कळायला हवे होते. त्यांनी पाते दगडावर टेकवले आणि ओढले. पाते थडथडले. पुन्हा ओढले, तर कड दगडात रुतली आणि घसरली. त्या सपाट दगडावर त्यांच्या हाताचा कंप जसाच्या तसा पात्यात उतरत होता. चारपाच वेळा प्रयत्न करून त्यांनी कोयता खाली ठेवला, हात पंचाला पुसले आणि म्हणाले, "हात चालत नाही आता."

जुना दगड कुठे गेला हे त्यांनी विचारले नाही. मी आपणहूनच सांगितले. ते 'बरं' म्हणाले. त्या वर्षी आम्ही बोथट कोयत्यावर झेंडू वाहिला. दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता गावाबाहेर कचऱ्याच्या ढिगापर्यंत जाऊन आलो. पुढे सांगण्यासारखे काही नाही.

मग मी सुशिक्षित माणूस करतो ते केले. चूक पैशाने भरून काढायला निघालो. सायकलवर चाक बसवून गल्लीतून हिंडणारा धारवाला आला, त्याच्याकडे कोयता दिला. ठिणग्यांचा काय तो फवारा! पाच मिनिटांत कोयता असा लखलखीत झाला की मनगटावरचे केस सहज उतरावेत. मी तो नानांना नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, धार डोळ्यांच्या रेषेत आणून पाहिली आणि टोकाजवळच्या निळसर झाकेवर बोट ठेवले. "पाणी गेलं इथलं," एवढेच म्हणाले.

हा कोयता यात्रेत पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याने ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवला होता. त्या पोलादाला दिलेले पाणी म्हणजेच त्याचा कडकपणा. चाकावर पाते तापले, आणि तीनशे अंशांच्या आसपास पोलाद निळे पडते. तिथला कडकपणा उतरतो, मग तिथे धार टिकत नाही. हे मी नंतर वाचले. नानांना ते रंगावरून ठाऊक होते.

रविवारी मी शेतात गेलो आणि बांधावरची वाळलेली डाळिंबाची खोडे तोडू लागलो. डाळिंबाचे लाकूड चिवट. दहाबारा घावांतच हाताला हिसके बसू लागले. पाहतो तो धारेला ठिकठिकाणी खांडे पडलेली, टोकाशी ती चक्क दुमडलेली. घरी येऊन कोयता नानांपुढे ठेवला. त्यांनी पात्याच्या दोन्ही अंगांवरून बोटे फिरवली आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "गाल बसनात तिना. धारले पोट जोयजे."

धारेला पोट हवे! पंधरा वर्षे मी अलंकार शिकवतो आहे. पण हे वाक्य अलंकारिक नव्हते. ते शब्दशः खरे होते. वाचकांनी घरातली सुरी हातात घेऊन पाहावी म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. पात्याचा आडवा छेद मनात आणा. पाठीकडून धारेकडे पाते निमुळते होत जाते. पण ते तीन तऱ्हांनी होऊ शकते. दोन्ही अंगे पाचरीसारखी सरळ उतरत गेली तर ती साधी धार. अंगे आत वळून, गाल बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी, धारेशी मिळाली तर ती पोकळ धार. आणि अंगे किंचित बाहेर फुगून, बदामाच्या कडेसारखी, शेवटच्या क्षणी धारेला भेटली तर ती पोटाची धार. जपानी लोक हिला शिंपल्याची धार म्हणतात, आणि मिटलेला शिंपला कडेकडून पाहिला तर याहून चपखल नाव सुचणार नाही.

पोकळ धार वाईट असते असे नाही. न्हाव्याचा जुना वस्तरा पाहा. त्याचे गाल इतके बसवलेले असतात की कडेला पाते कागदासारखे पातळ होते. पण त्याला कापायचा असतो केस, आणि तरीही प्रत्येक दाढीला तो चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो. असे पाते लाकडावर घाला, की पाठीमागे आधार नसल्यामुळे ते दुमडते नाहीतर तुटते. उलट कुऱ्हाड घ्या. तिला पोट असते. धारेच्या लगेच मागे पोलादाची भर असते. घावाचा मार ती भर सोसते, धार फक्त वाट काढते. शिवाय ते फुगीर अंग लाकूड बाजूला सारत जाते, म्हणून कुऱ्हाड लाकडात अडकून बसत नाही. चिरलेला बटाटा सुरीला चिकटून बसतो आणि नानांनी लावलेल्या विळीवरून तो आपोआप सुटून पडतो, याचेही कारण हेच.

आता खरी मौज पुढे आहे. चाक बाहेरून गोल असते; म्हणून चाकावर लावलेल्या पात्याचे अंग आत खोल होते. आणि दगडाला खळगा पडलेला असला, तर त्या खळग्यातून फिरलेल्या पात्याचे अंग बाहेर फुगीर होते, पळी वाटीच्या बुडाशी बसावी तसे. म्हणजे आजोबांच्या दगडाच्या पोटातून जितके गेले तितके आमच्या हत्यारांच्या पोटाला आले होते! तो दगड झिजला नव्हता, तयार झाला होता. आणि नानांचे हात दगडावर स्थिर होत याचेही कोडे मला तेव्हा उलगडले. तो खळगा त्यांच्याच हाताने, त्यांच्याच वळणाने पडलेला. हात कापू लागला तरी पाते त्या खोलगट वाटेवरून बाहेर जात नसे. म्हाताऱ्या माणसाला जिन्याचा कठडा असावा तसा तो खळगा होता. मी कठडा काढून घंटागाडीत टाकला होता.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी शब्दकोशात तोंड लपवता येते. मीही लपवले. ज्याच्यावर आपण चंदन उगाळतो ती सहाण आणि ज्याच्यावर शस्त्र घासतात तो संस्कृतातला शाण, हे एकाच घरचे. शस्त्रांना झिलई देणारा तो शिकलगार. शिकल म्हणजेच झिलई, आणि तो शब्द आपल्याकडे फार्सीतून आला. ज्या बागलाणात १६७२ साली साल्हेरची लढाई झाली, तिथे लढाईच्या आधी आणि नंतर किती पाती दगडांवरून फिरली असतील! आणि सर्वांत सुंदर शब्द 'पाजळणे'. मराठीत शस्त्र पाजळतात आणि दिवाही पाजळतात. धार आणि ज्योत यांना आपल्या भाषेने एकच क्रियापद दिले आहे. हे सगळे मी वर्गात रंगवून सांगितले. मुले खूश झाली. आणि घरी कोयता खांडे पडलेल्या अवस्थेत तसाच होता.

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मी मागच्या अंगणात फतकल मारून बसलो आणि नानांना म्हणालो, "मला शिकवा." ते खाटेवर बसले, मी जमिनीवर. बापाकडून काही शिकण्याचा माझा हा बहुधा तिसावा प्रयत्न असेल. पहिले एकोणतीस मी दहावी व्हायच्या आत सोडले होते.

सपाट दगडावर पोटाची धार आणायची, तर दगडाला जे वळण नाही ते मनगटाने पुरवावे लागते. दगड पाण्यात भिजवून घ्यायचा. धार पलीकडे आणि पाठ आपल्याकडे, असे पाते टेकवायचे. सुरुवातीला पाठीखाली करंगळी शिरेल एवढीच फट. मग पाते आपल्याकडे ओढता ओढता पाठ हळूहळू उचलत जायची. शेवटी त्या फटीत अंगठा मावला पाहिजे. म्हणजे दगड आधी गाल घासतो, मग पोट, आणि सरतेशेवटी धारेच्या कडेला पोचतो. कमी उचलली तर धारेला दगड लागतच नाही. जास्त उचलली तर लागलेली धार बोथट होते. एका बाजूने असे घासत गेले की पलीकडच्या बाजूला पोलादाची केसासारखी बारीक कड उलटते. बोटाला ती खरखरीत लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली की बाजू बदलायची.

मला काही दिसत नव्हते. तेव्हा एक युक्ती सुचली. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर क्रमांक घालायचा मार्कर घेऊन मी धारेच्या दोन्ही अंगांना शाई फासली. दोनचार वेळा पाते ओढून पाहिले, तर गालावरची शाई गेलेली, धारेलगतची जशीच्या तशी. चूक कुठे आहे ते लगेच कळले. दुसऱ्यांच्या चुका शाईने दाखवण्यात माझी हयात गेली. स्वतःची चूक शाईने पाहण्याचा हा पहिलाच प्रसंग.

नानांना शाई लागली नाही. पहिल्या अर्ध्या तासानंतर ते माझ्या हाताकडे पाहतही नव्हते. डोळे मिटून बसले होते. मला वाटले, डुलकी लागली. तोच आवाज आला, "उचल." मी पाठ उचलली. "बस्." ते ऐकत होते! गाल घासला जात असताना दगडाचा आवाज भरडा, जाडसर असतो. धार जवळ आली की तो बारीक होत जातो. माझ्या मनगटाने काय चालवले आहे हे त्यांना खाटेवर बसून कानांनी कळत होते. दीड तास आमचा हा संवाद चालला. त्यात दोनच शब्द होते. पण वडिलांशी सलग दीड तास बोललो, असे त्याआधी कधी झाल्याचे मला आठवत नाही.

शेवटी जुन्या कमरपट्ट्याच्या कातड्यावर पाते उलटसुलट ओढून ती केसासारखी कड काढून टाकली. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन तीच डाळिंबाची खोडे तोडली. कोयता केस उतरवण्याइतका तीक्ष्ण नव्हता. पण संध्याकाळी परत येताना तो सकाळी होता तसाच होता.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती माझ्या प्रायश्चित्ताची गोष्ट झाली असती. नानांचे काय? त्यांचे हात रिकामेच होते. गल्लीतल्या विळ्या यायच्या थांबल्या होत्या. बायका भिडेने विचारत नव्हत्या, आणि ते आपणहून बोलत नव्हते.

तोड माझ्या एका विद्यार्थ्याने काढली. त्याच्या घरी सुतारकाम चालते. मी वर्गात पाजळण्याचे आख्यान लावले होते ते ऐकून तो नंतर स्टाफरूमच्या दाराशी आला आणि म्हणाला, "सर, दगड कशाला? जुन्या स्लिपरच्या रबरावर पॉलिशपेपर चिकटवा. रबर दबतं." खरेच, दगड जे खळग्याने करत होता ते रबर दबून करते. पात्याच्या वजनाने ते खाली दबते, धारेच्या मागे किंचित वर येते, आणि कागद पात्याच्या अंगाला बिलगून त्याला आपोआप पोट आणतो. पथ्य एकच: पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचे. धारेच्या दिशेने ढकलले की कागद फाटला. आणि हात थोडा हलला तरी रबर ते पोटात घालते.

फळीच्या तुकड्यावर स्लिपरचा तळ ठोकून त्यावर बारीक पॉलिशपेपर बसवला आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी काही न बोलता नानांच्या खाटेशेजारी ठेवून दिला. दुपारी कॉलनीत चिवड्याचे, भाजणीचे वास सुटले होते. समोरच्या काकू आल्या. चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करायचे होते आणि विळी खोबऱ्याचा नुसता चुरा करत होती. नानांनी विळी हातात घेतली. हात कापत होता. रबरावर पाते टेकवून ओढले. पुन्हा ओढले. मी दाराआड उभा राहून पाहत होतो, परीक्षेच्या निकालाच्या यादीपुढे उभे राहावे तसा. अर्ध्या तासाने त्यांनी विळीवर खोबऱ्याची वाटी टेकवली, आणि कागदासारखा एक काप वळत वळत ताटात पडला. "तुटक्या पाटाची आहे ना ही?" ते काकूंना म्हणाले. "पाट बदला आता. धार पाटापेक्षा जास्त टिकेल."

संध्याकाळी त्या घरून चिवड्याची वाटी आली.

याला तीन वर्षे झाली. नानांचा कंप वाढला आहे. बारीक सुऱ्या ते रबरावर अजून लावतात. कोयता, विळा आणि जड हत्यारे माझ्याकडे आली आहेत. मी तोच हार्डवेअरच्या दुकानातला सपाट दगड वापरतो. ते खाटेवर बसून ऐकतात. 'उचल' म्हणण्याची वेळ त्यांच्यावर पूर्वीपेक्षा कमी येते, की त्यांना कमी ऐकू येऊ लागले आहे, हे मी विचारत नाही.

या वर्षी दसरा काढताना माझ्या मुलीच्या वाट्याला मागचे अंगण आले. ती नववीत आहे. भूमितीची पेटी तिच्या हाताशीच असते. तिने नळापाशी पडलेला दगड उचलला, धुतला आणि काय मनात आले कोण जाणे, त्याच्यावर पट्टी उभी धरून डोळे बारीक करून पाहिले.

"बाबा," ती ओरडली, "पट्टीखालून उजेड दिसतोय. मध्ये खड्डा पडलाय याला. झिजला हा! टाकून देऊ?"

मी काही बोलणार तोच मागून खाटेवरून हसण्याचा आवाज आला. नाना इतके हसत होते, की त्यांच्या हातातली चहाची बशी मला धावत जाऊन धरावी लागली.